घंटागाडी येते का?

मूळ प्रश्न असा होता: ‘घंटागाडी तुमच्या दारापर्यंत येते का? येत नसेल, तर कचरा घेऊन किती लांब जावं लागतं?’ मी तो कापून एवढाच ठेवला: ‘घंटागाडी येते का?’

कापताना मला बरं वाटलं होतं. घासाघीस करून समोरच्या माणसाला एक पाऊल मागे सरकवलं की पोट भरल्यासारखं वाटायचं मला. त्याच जोरावर मी वर आलो. कुणाची ओळख नव्हती, वडिलांचा धंदा नव्हता, बोलायला धड शहरी भाषासुद्धा नव्हती. होती ती जीभ, आणि त्या जिभेला राग लवकर यायचा. त्या दोन्हींचं मी जमेल तसं सोनं केलं. त्यामुळे तो अर्धा प्रश्न उडवला, तेव्हा मी कुणाचं काही हिरावून घेतोय असं मला वाटलंच नाही. कागदावरचे चार शब्द तर होते.

मी सटाण्याकडच्या एका खेड्यातून नाशिकला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. काम शिकलो ट्रेसिंगचं. आर्किटेक्ट आणि इंजिनियर लोकांचे प्लॅन दुधी कागदावर शाईने उतरवायचे, मग अमोनियाच्या मशीनवर त्यांच्या प्रती काढायच्या. रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. कितीही हलका हात असला तरी उजेडासमोर कागद धरला की खरवडलेली जागा दिसायचीच.

धंद्याला जागा मिळाली ती नाशिकच्याच द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला, एका उताराच्या गल्लीत. गल्ली इतकी चिंचोळी की रिक्षासुद्धा तोंडाशी थांबायची. घरमालकीण एकटीच राहायची. नवरा कारखान्यात फिटर होता, तो लवकर गेला. मुलगा गुजरातेत नोकरीला. सगळे तिला काकू म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. काकूंच्या माहेरी शहराच्या कडेला फुलांचा मळा होता. तिथून पहाटे झेंडू आणि शेवंतीच्या पाट्या यायच्या आणि काकू दारातल्या फरशीवर बसून हार करायच्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ देठ, पाला आणि सडक्या फुलांची एक ओली, जड बादली भरलेली असायची.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “काकू, पानी शे का?”

“शे म्हणजे काय रे?”

“म्हणजे पाणी आहे का.”

“मग आहे म्हण की. जीभ झिजती का तुझी?” असं म्हणून त्यांनी तांब्या दिला, आणि त्या दिवसापासून माझं नाव ‘शे’ पडलं. कुणी माझी चौकशी केली की त्या म्हणायच्या, “आमचा शे आत बसलाय, रेघोट्या मारतोय.” मी चिडायचो. त्यांना त्यातच मजा यायची.

काही वर्षं त्या पुढच्या खोलीत मी धंदा केला. मग एक दिवस काकू म्हणाल्या, खोली मोकळी कर. मुलगा परत येतोय, त्याला इथे दुकान टाकायचंय. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घ्यायच्या खटपटीत होतो. गिऱ्हाइकांना पत्ता पाठ झाला होता. मी भांडलो, मुदत वाढवून मागितली, जास्त भाडं देतो म्हणालो. माझी सगळी हत्यारं वापरून झाली, पण काकू ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी मशीन हातगाडीवर घालून मी गल्लीबाहेर पडलो, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही.

मुलगा आलाच नाही. खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. सुरुवातीला मी मुद्दाम त्या बाजूने जायचो आणि ते कुलूप बघायचो. आज असेल, उद्या नसेल. पण ते असायचंच, गंज चढत गेलेलं. रिकामी ठेवली, पण मला दिली नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की ते माझ्या ओळखीचाच भाग झालं. पुढे त्या गल्लीत जाणंच सोडलं. द्वारकेच्या चौकाजवळ, ट्रॅव्हल्सच्या ऑफिसांच्या वरती, गाळा घेतला. काकूंच्या घरापासून चालत काहीच अंतर नव्हतं, पण माझ्या लेखी ती गल्ली गावाबाहेर गेली.

कॉम्प्युटर आला तशी ट्रेसिंगची कामं आटली. मी वेळीच ओळखलं आणि नकाशांचं सॉफ्टवेअर शिकलो. दुधी कागदाचे थर एकावर एक ठेवावेत तसे त्यात माहितीचे थर ठेवता येतात. एका थरात रस्ते, दुसऱ्यात घरं, तिसऱ्यात पाण्याच्या लाइनी. मग प्रत्येक गल्लीला एक आकडा द्यायचा आणि आकड्याप्रमाणे रंग. शहर एका नजरेत दिसतं. त्यात खरवडल्याची खूण राहत नाही, हे मला फार आवडलं होतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी नागरिकांच्या एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं. शहराच्या निरनिराळ्या भागांना पाणी, दिवे, गटारं, कचरा या सोयी कशा मिळतात, ते सगळीकडे एकाच मापाने मोजायचं आणि नकाशावर शेजारी शेजारी रंगवून दाखवायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे वाईट. काम बघायला एक मॅडम होत्या, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. अशा माणसांशी घासाघीस करायला मला अवघड जातं, पण अशक्य होत नाही.

कामाचा मोबदला घरागणिक ठरला होता. म्हणजे एका घरात जितका कमी वेळ जाईल तितकं माझं भलं. मी त्यांची प्रश्नावली समोर ठेवून पेन्सिल घेऊन बसलो.

“हा प्रश्न एक नाही, दोन आहेत,” मी म्हणालो.

“विषय एकच आहे.”

“विषय एक असेल. माझ्या पोरांना दारात उभं राहून दोनदा लिहावं लागणार. घरातली बाई विचार करत बसणार, लांब म्हणजे किती लांब, कोपऱ्यापर्यंत का पिठाच्या गिरणीपर्यंत. तेवढ्यात शेजारचं घर होतं.”

“पण गाडी दारात येणं आणि कोपऱ्यावर येणं यात फरक आहे ना.”

“मॅडम, रंग भरायला मला हो किंवा नाही लागतं. ‘लांब’ला मी कुठला रंग देऊ?”

हे साफ खोटं होतं. सॉफ्टवेअरमध्ये हव्या तेवढ्या छटा देता येतात. मॅडमना ते माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुम्ही म्हणता तर,” त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. संस्थेला एका देणगीदाराने कचऱ्याच्या हातगाड्या देऊ केल्या होत्या, त्या ढकलणाऱ्या माणसांच्या पगारासकट. जिथे मोठी घंटागाडी शिरू शकत नाही अशा गल्ल्यांसाठी. कुठल्या गल्ल्यांना द्यायच्या, ते नकाशा ठरवणार होता. लाल गल्ल्यांना आधी. म्हणजे मी जो अर्धा प्रश्न कापला, त्याच अर्ध्यावर त्या गाड्या ठरणार होत्या. मॅडमच्या खोलीतून बाहेर पडताना हे माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही. होतं, पण मागच्या बाकावर बसलेलं होतं.

कॉलेजातली मुलंमुली घरोघर फिरली. काकूंच्या गल्लीत मी दोन मुलींना पाठवलं, स्वतः गेलो नाही. कामाची माहिती कॉम्प्युटरवर चढली आणि एका दुपारी पडद्यावर शहर रंगत गेलं. द्वारकेच्या मागचा भाग आला आणि काकूंची गल्ली हिरवी झाली.

मी थांबलो. ज्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, तिथे घंटागाडी कशी शिरली? एवढं मला कळत होतं. त्या खोलीत बसून मी शहरातल्या निम्म्या इमारतींचे प्लॅन काढले होते, आणि गल्लीचा उतार माझ्या पायांना पाठ होता. उठून चालत गेलो असतो तर टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत बघून परत आलो असतो. मी उठलो नाही. मनात आलं, रुंद केली असेल गल्ली. पाडलं असेल कुणाचं तरी जोतं. आणि त्याच्या मागोमाग आलं ते असं: खोलीला कुलूप लावून बसलीय, वर दारात गाडीही येते हिच्या.

मी नकाशा छापायला सोडला.

नकाशा एका हॉलमध्ये लावला होता, भिंतभर. लोक यायचे, आपली गल्ली शोधायचे, बोट लावायचे. कुणी मुलांना उचलून दाखवायचं. मी बाजूला उभा राहून कौतुक गोळा करत होतो. एवढ्यात गर्दीतून आवाज आला.

“कुठंय आमचा शे?”

काकू आल्या होत्या, शेजारणीला घेऊन. केस पांढरे झाले होते आणि डाव्या पायावर भार न देता चालत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, पण आपल्याला ते दिसलंय असं त्यांनी दाखवलं नाही.

“आमची गल्ली दाखव.”

मी बोट ठेवलं.

“हिरवी. म्हणजे चांगली ना?”

“चांगली.”

“बघ,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “मी म्हणलं नव्हतं? व्यवस्थित झालं त्याचं.” मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “तुझ्या पोरी आल्या होत्या ना विचारायला, त्यांनी तुझं नाव सांगितलं. मग मी त्यांच्या आधी सगळ्या गल्लीत फिरून आले. म्हणलं, आपल्या शेचं काम आहे, इथंच खाली बसून शिकलाय तो. त्याच्या कागदावर वाकडंतिकडं नको यायला. चांगलं सांगा.”

मला एकदम उमगलं नाही. “म्हणजे गाडी येत नाही?”

“येते की. खोटं कशाला सांगीन? कोपऱ्यावर येते. घंटा ऐकू येते, आम्ही पळतो. त्यांनी विचारलं, येते का? म्हणलं, येते.” त्या हसल्या. “दारात येते का विचारलं असतं तर पंचाईत होती. तेव्हा मग नाही म्हणावं लागलं असतं.”

काकू खोटं बोलायच्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल जी काही तक्रार होती, तिच्यात ही कधीच नव्हती. हार विकतानासुद्धा कालची फुलं असली तर कालची म्हणून सांगायच्या. पूर्ण प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला असता, तर माझ्यावरची सगळी माया बाजूला ठेवून त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या. मी अर्धा कापला, आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी माझ्यासाठी चांगुलपणा भरला.

शेजारीण मात्र कामाचं बोलायला आली होती. “यांच्या नादानं आम्ही पण येते येते म्हणालो. आता ते हातगाडीचं सांगा. आमच्याकडं कधी?”

मला सांगावं लागलं. लाल गल्ल्यांना आधी. हिरव्यांना नाही.

“म्हणजे चांगलं बोलून आम्ही नापास झालो म्हणा की,” शेजारीण म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. काकूंकडे बघत होती.

काकूंनी पदर सारखा केला. “असू दे,” त्या म्हणाल्या. “कोपरा काय दिल्लीला आहे?” आणि जाताना हात लावून गेल्या त्या हिरव्या ठिपक्याला, जसं काही त्याच्यावरची धूळ पुसायची होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. जाताना वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो, गिऱ्हाइकाकडे जाताना जुळवतो तसं. तिथे पोचल्यावर सरळच सांगितलं: एक गल्ली चुकलीय, पूर्ण प्रश्न विचारून परत पाहणी करतो. फुकट करतो.

“फुकट?” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही?”

“हो.”

“त्यात तुमचं काय आहे?”

माझं डोकं फिरलं. म्हणालो, माणूस एकदा नीट वागायला गेला तर त्याच्यावर संशय घेता, शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, आणि बरंच काही. आवाज शेजारच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण शिपाई डोकावून गेला. मॅडमनी मला संपवू दिलं.

“तुमच्या ओळखीच्या बाई राहतात तिथे?”

मी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

“यंदाच्या गाड्या वाटून झाल्यात,” त्या म्हणाल्या. “लाल गल्ल्यांमध्ये फिरायला लागल्यात कालपासून. आता मी कुठल्या गल्लीतल्या बायकांना सांगू, की तुमची गाडी परत द्या, नकाशेवाल्यांच्या ओळखीची गल्ली राहिलीय?” मग अजिबात न टोचता त्या म्हणाल्या, “आणि एकट्या तुमच्या गल्लीला पूर्ण प्रश्न विचारायचा, बाकीच्या शहराला अर्धा? माप एकच हवं, हे तर आपण पहिल्या दिवशी ठरवलं होतं.”

त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसापुढे माझी जीभ कधीच चालली नाही. शेवटी एवढंच पदरात पाडून घेतलं की पुढच्या वर्षी पाहणी होईल, तेव्हा प्रश्न पूर्ण विचारायचा. सगळीकडे. वाढलेला वेळ माझ्या खिशातून. ते त्यांनी ताबडतोब मान्य केलं, आणि मी आयुष्यातला सर्वांत वाईट सौदा करून बाहेर आलो. तरी हलकं काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी गल्लीत गेलो. बदललेलं काही नव्हतं. कुणाचं जोतं पाडलेलं नव्हतं, गल्ली रुंद झालेली नव्हती. कोपऱ्यावर घंटा वाजली आणि कुणीतरी ओरडलं, “गाडी आली गं.” दारं उघडली. तरण्या बायका बादल्या घेऊन धावल्या, कुणाच्या हातात कढईचा चमचा तसाच. काकू सगळ्यांच्या मागे निघाल्या, कोपऱ्याकडे, चढाने. एका हातात देठांची ओली बादली, दुसरा हात भिंतीला. थोडं चालल्या की बादली खाली ठेवायच्या, गुडघा दाबायच्या, परत उचलायच्या. त्या अर्ध्यात असतानाच घंटा पुढे गेली. काकू वळल्या आणि भरलेली बादली घेऊन परत निघाल्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. हे रोजचं असावं.

मी बादलीला हात घातला. “द्या इकडे. पुढच्या चौकात गाठतो गाडीला.”

“सोड.”

“काकू, द्या म्हणतो ना.”

“आज नेशील. उद्या?”

“उद्याही नेईन.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी बादली ओट्यावर ठेवली आणि त्या कडेला बसल्या. आजूबाजूच्या दारांत बायका होत्या, ऐकत नसल्यासारखं करत. काकू हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या सांगण्यावरून सगळ्या येते म्हणाल्या. आता सगळ्या पळतात. आणि माझी एकटीची बादली तू येऊन नेणार? गल्लीत मला राहायचंय, बाबा. असलं काही करू नको.”

समोर ते कुलूप होतं. अपराधी वाटायला लागलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“रिकामीच ठेवायची होती, तर मला का काढलं होतं तुम्ही?”

काकूंनी खोलीकडे बघितलं. “येणार होता ना तो.”

“आला नाही.”

“येईल येईल करत राहिले.” त्यांनी बादलीतून निसटलेलं एक देठ उचलून परत आत टाकलं. “मग म्हणलं, तुला बोलवावं. पण तू तोवर द्वारकेवर बोर्ड लावून बसला होतास. कुठल्या तोंडानं बोलवू?”

म्हणजे पाच मिनिटांच्या अंतरावर आम्ही दोघं आपापल्या जागी बसून होतो. मला त्यांचं म्हणणं पटलं. राग गेला का, तर तोही पूर्ण गेला नाही. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एका सकाळीत टाकून देता येत नाही. पण त्या दिवसापासून तो राग काढून बघायची मला लाज वाटू लागली.

ते वर्ष मला लांबलं. गाळ्याच्या खिडकीतून सकाळी घंटा ऐकू यायची आणि मला कळायचं, आता काकू निघाल्या असतील. घंटा पुढे गेली की कळायचं, आता वळल्या असतील. पावसाळ्यात त्या उतारावर शेवाळ धरतं, हेही मला ठाऊक होतं. मी खिडकी लावून घ्यायचो. कामावरच्या मुलाने एकदा विचारलं, “सर, घंटेचा त्रास होतो का?” मी म्हणालो, “आपलं काम कर.”

दुसऱ्या वर्षी पाहणी आली. पूर्ण प्रश्न छापला होता. ‘किती लांब’ला तीन रकाने होते: जवळ, थोडं लांब, लांब. ‘दारापर्यंत नाही’ आणि ‘लांब’ असलं की लाल. ‘दारापर्यंत नाही’ आणि ‘जवळ’ किंवा ‘थोडं लांब’ असलं की पिवळा. पाहणीला मी कधी स्वतः जात नसे. त्या एका गल्लीला गेलो.

काकू हार करत बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो, पाटीवर कागद लावून, हाताखालच्या मुलांसारखा.

“घंटागाडी तुमच्या दारापर्यंत येते का?”

“असं विचारायचं होतं होय रे, पहिल्यांदा?” त्या म्हणाल्या. मग सुई थांबवून सावकाश बोलल्या, साक्षीला उभ्या असल्यासारख्या. “नाही येत.”

“कचरा घेऊन किती लांब जावं लागतं?”

काकूंनी माझ्या बुटांकडे पाहिलं. “कुणाच्या पायांनी? तुझ्या का माझ्या?”

मी पेन धरून उभा राहिलो. कोपरा मला तिथून दिसत होता. सॉफ्टवेअरमध्ये ते अंतर मी आधीच मोजलेलं होतं. कुठल्याही मापाने ते ‘जवळ’मध्ये बसत होतं. आणि काकू त्या ‘जवळ’मध्ये वर्षभर दोनदोनदा बसून दम खात होत्या.

“तुमच्या,” मी म्हणालो.

“मग लांब आहे.”

मी लांबवर खूण केली. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि प्रत्येक घरी तेच विचारलं, काकूंच्या पायांनी. तरण्या बायकांनीही मग लांबच सांगितलं. शेजारीण म्हणाली, “आता तरी पास करा.”

माहिती चढवताना माझ्याकडचा मुलगा अडखळला. “सर, नकाशावर तर हा कोपरा जवळ दिसतोय. पिवळा यायला पाहिजे.”

“लिहिलंय ते चढव,” मी म्हणालो.

गल्ली लाल झाली. काही महिन्यांनी त्या वर्षीच्या हातगाड्यांपैकी एक तिथे आली. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावर उभा राहून बघितलं. गाडी ढकलणारा माणूस दारोदार हाक देत उतरत गेला. सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या झाल्यावर काकूंनी आपली ओट्यावरून पुढे सरकवली, बसल्याजागी. मला त्यांनी बघितलं आणि मान हलवली. एवढंच.

काकूंनी मला माफ केलं का, असा प्रश्नच त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या हिशेबात मी काही केलंच नव्हतं. माझा प्रश्न दुसरा आहे, आणि तो मी आजवर कुणाला विचारला नाही. माप एकच हवं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. शहरातल्या इतर गल्ल्यांमध्ये माझ्या मुलांनी अंतर विचारलं ते तरण्याच्या, म्हाताऱ्याच्या, जो दारात आला त्याच्या पायांनी. काकूंच्या गल्लीत मी एकट्या काकूंच्या पायांनी मोजलं. त्या वर्षी गाड्या थोड्याच होत्या. म्हणजे कुठेतरी एक गल्ली अशी असणार, जी खरी लाल होती, आणि तिच्या वाटची गाडी मी इकडे वळवली. तिथेही कुणीतरी भिंतीला हात धरून चालत असेल.

तो नकाशा माझ्याच कॉम्प्युटरवर होता. सगळे थर, सगळे आकडे. कुठली गल्ली पुढे होती आणि कुठली मागे पडली, हे एका संध्याकाळीत काढता आलं असतं.

मी काढलं नाही.